पाटीवरची मंडळी

तमाम रत्नागिरीकरांस, त्यांच्या मुंबईतल्या नातलगांस आणि त्या सकाळी बंदरावर हजर असलेल्या सर्व हमालांस या लेखाद्वारे जाहीर करण्यात येतं की, बाजारातल्या माझ्या छत्र्यांच्या दुकानाच्या पाटीवर ‘आणि मंडळी’ असे जे दोन शब्द होते, त्यांतला ‘आणि’ तेवढा खरा होता. मंडळी नव्हती. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती घेण्याची मुदत केव्हाच संपली आहे.

‘आणि’च्या आधी पाटीवर काय होतं ते विचारू नका. ती पाटी आता आमच्या गोठ्याच्या दाराला आडवी लावलेली आहे आणि म्हैस तिला अंग घासते. तिची एवढी अब्रू मी राखतो.

एकोणीसशे तीसच्या दशकाची सुरुवात होती. मी पंचविशीतला, नवं लग्न झालेला, आणि माझ्याजवळ होतं ते एक छत्र्यांचं दुकान. मुंबईहून काड्यांचे सांगाडे, दांडे, मुठी आणि काळं कापड आगबोटीने मागवायचं, कापड बेतून शिवून सांगाड्यांवर चढवायचं, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत विकायचं. कापड शिवायचं काम समोरच्या शिंप्याकडे. त्याला सगळा बाजार मामा म्हणायचा, मीही म्हणायचो. बाकी सगळं मी. मालक मी, कारागीर मी, सकाळी झाडू मारणारा मी, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना पेंगणाराही मीच.

मग ‘मंडळी’ कशाला? तर आमच्या बाजाराची तशी रीतच होती. एकट्या माणसाच्या दुकानावर एकट्याचं नाव लावणं म्हणजे उघड्या अंगाने कचेरीत जाण्यासारखं. एकटा माणूस काय, आज आहे, उद्या बोटीत बसून मुंबईला जाईल, त्याच्याकडे कोण माल मागेल? म्हणून प्रत्येकाने पाटीवर सोबत घेतलेली. चार दुकानं सोडून एक घड्याळजी होता, त्याच्या पाटीवर ‘ब्रदर्स’ होतं आणि सख्ख्या भावाशी त्याचं दहा वर्षं बोलणं नव्हतं. औषधवाल्याच्या पाटीवर ‘आणि सन्स’. त्याला तीन मुली. त्या मुलीच दुकान सांभाळायच्या आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नसे. मग मी मंडळी घेतली तर काय बिघडलं?

शिवाय मंडळी फार उपयोगी. गिऱ्हाईकाने घासाघीस केली की मी खांदे पाडून म्हणायचो, “माझं काय हो, मी तुम्हाला फुकटसुद्धा देईन. पण मंडळींना विचारायला हवं.” मंडळी मुंबईला असतात, कडक आहेत, पत्राला उत्तर लवकर देत नाहीत, असं सगळं मी हळूहळू रचत गेलो. तिसऱ्या वर्षापर्यंत मंडळींतल्या एकाला दमा जडला होता. गिऱ्हाइकं त्याची चौकशी करायची.

घरात मात्र हे नाटक चालत नसे. बायको जेवायला हाक मारायची ती अशी: “मंडळी, पानं घेतली आहेत. सगळे येताय की एकटेच?”

त्या वर्षी माल यायला उशीर झाला. वैशाख सरत आलेला. एकदा पावसाळ्याने बंदर बंद झालं की चार महिने बोट नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी रोज बंदरावर जायचो आणि रोज हात हलवत परत यायचो. शेवटी एकदा आगबोटीवरून किनाऱ्याला माल आणणाऱ्या पडावातून माझ्या सहा पेट्या उतरल्या. त्यांच्यावर पाटीचं पूर्ण नाव ठसठशीत रंगवलेलं. मला इतका आनंद झाला की मी त्यांतल्या एकीवर चढून बसलो.

“उतरा खाली,” बोट कंपनीच्या कारकुनाने सांगितलं.

हा कारकून नवा होता. मुंबईहून आलेला, तरतरीत, टोपी कपाळावर सरळ बसवलेली. आधीचा म्हातारा कारकून नुसती मान हलवून माल सोडायचा. हा कागद वाचणारा निघाला.

“पेट्या मंडळींच्या नावाने आहेत. तुम्ही कोण?”

“मीच तो.”

“तुम्ही मंडळी?”

“मंडळींतला.”

“मग बाकीचे कुठे आहेत? मागच्या सालात दुसऱ्या बंदरावर एका भागीदाराला माल दिला आणि दुसऱ्याने कंपनीला कोर्टात उभं केलं. आता सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात. आणि एकटेच असाल तर तसं लिहून द्या: या नावाखाली धंदा करणारा मी एकटा, दुसरा भागीदार नाही. खाली एका वकिलाची साक्ष आणा. लगेच माल सोडतो.”

वाचकहो, किती सोपं होतं! एक कागद, एक सही. पण माझ्या मागे कोण उभं होतं बघा. एक आंब्याच्या बागायतीचे मालक, त्यांनी गड्यांसाठी दोन डझन छत्र्या सांगितल्या होत्या. त्यांच्या मागे औषधवाला. त्याच्या मागे बाजारातली आणखी निम्मी माणसं, प्रत्येकजण आपापल्या मालासाठी आलेला आणि कान माझ्याकडे लावून उभा. बागायतदारांनी तर पुढे होऊन विचारलंही, “काय रे, दम्याचं कसं आहे त्यांच्या?”

मी कारकुनाला म्हटलं, “मंडळी आहेत. उद्या आणतो.”

“परवा सकाळी शेवटची बोट मुंबईला परत जाते,” तो म्हणाला. “त्यानंतर शेडला कुलूप. न सोडवलेला माल त्याच बोटीने माघारी जाईल.”

माल माघारी गेला तर अख्खा पावसाळा दुकानात विकायला काही नाही. म्हणजे दुकान बंद. आणि दुकान बंद म्हणजे काय तेही ठरलेलं होतं: मुंबईला काकांनी एका पेढीवर माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलून ठेवली होती आणि दर पत्रात ते विचारायचे, केव्हा येतोस? मला रत्नागिरी सोडायची नव्हती. बंदरावरून बाजारात मी जवळजवळ धावतच आलो.

दुकानात बसवेना. उठलो, पाटीकडे बघितलं. आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. समोर मामा मशीन चालवत होते. त्यांचा पाय खालीवर, खालीवर, आणि त्या तालावर माझ्या डोक्यात एक अतिशय वाईट कल्पना शिवली गेली.

“मामा,” मी म्हटलं, “तुम्ही माझे भागीदार व्हाल का? एका सकाळपुरते?”

मामांचा पाय थांबला. पंचेचाळिशीचा, बारीक, जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवून स्वतः एकच बाराबंदी घालणारा माणूस. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे करायचा काय?”

“एक सही करायची. माल आला नाही तर तुम्हालाही शिवायला काय राहतं?”

“तां खरां,” मामा म्हणाले. मग चष्मा पुसत, “भागीदार घालतात काय पण?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दारात उभे राहिले ते कोट घालून. उत्तम काळा कोट. तो एका पोलीस फौजदाराचा होता, शिवायला आलेला, आणि अर्धवट होता. बाह्यांवर कच्चे पांढरे टाके, पाठीवर खडूची रेघ. मी म्हटलं, “मामा, टाके दिसतायत.”

“हात मागे ठेवतो,” मामा म्हणाले.

तर भागीदार हात मागे बांधून बंदरावर गेले. कारकुनाने आपादमस्तक बघितलं.

“आपण भागीदार?”

“होय तर!”

“आपला हिस्सा किती?”

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

“शिलाईचा,” मामा म्हणाले.

“म्हणजे शिवणखातं सगळं यांच्याकडे,” मी घाईने म्हटलं.

कारकुनाने कागद पुढे केला. मामांनी सहीसाठी हात पुढे आणला आणि सगळे कच्चे टाके उन्हात लखलखले. सही मात्र त्यांनी सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून, एखाद्या राजाने तह करावा तशी केली. कारकून म्हणाला, भागीदारांच्या सह्यांचा कागद कंपनीच्या एजंटसाहेबांनी बघावा लागतो, ते उद्या सकाळी येतील, मग माल मिळेल. बोट सुटण्याआधी.

मी सुटकेचा श्वास टाकला. फार लवकर टाकला.

बाजारात परतल्यावर मामा आपल्या दुकानात गेलेच नाहीत. माझ्या दुकानात आले. माझ्या स्टुलावर बसले. कोट अंगावर तसाच. थोड्या वेळाने एक बाई गेल्या वर्षीच्या उरलेल्या छत्रीचा भाव करायला आल्या. मी सवयीने खांदे पाडले आणि म्हटलं, “माझं काय हो, पण मंडळींना विचारायला हवं.”

“द्या, द्या!” स्टुलावरून आवाज आला. “माझी काय हरकत नाय.”

बाई छत्री घेऊन गेल्या. जाताना मामांना नमस्कार करून गेल्या. मला नाही केला.

दुपारपर्यंत मंडळी मुंबईहून आल्याची बातमी बाजारभर झाली. माणसं बघायला यायची आणि मामांना बघून म्हणायची, “अरे, हे तर मामा!” त्यावर मामा म्हणायचे, “मग? आम्ही कधी सांगत नाय फिरलो.” दमा बरा आहे का, असंही कोणीतरी विचारलं. मामांनी खोकून दाखवलं. मी हसत होतो, पण बूड टेकत नव्हतं. दर थोड्या वेळाने मी गल्लीच्या टोकाला जाऊन बंदराच्या बाजूला बघून यायचो. तिथून बंदर दिसत नाही, तरी बघायचो.

दिवेलागणीला वकीलसाहेब आपल्या ओट्यावर बसलेले दिसले. आमच्या वडिलांचे स्नेही, मला लहानपणापासून अरेतुरे करणारे. माझी हुशारी कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नव्हतं, म्हणून मी जाऊन सगळं सांगितलं. मामाही मागून आले, कौतुकात आपला वाटा घ्यायला.

वकीलसाहेबांनी शांतपणे सुपारी कातरली. मग विचारलं, “तुला असं लिहून द्यायला काय झालं होतं, की मी एकटा आहे?”

“पाटीवर मंडळी आहेत ना. खोटं ठरलं असतं.”

“खोटं कसलं? अरे, एकट्या माणसाला आपल्या दुकानाला वाटेल ते नाव द्यायला आपल्याकडे मनाई नाही. कुठे नोंद नाही, परवाना नाही. ‘लिमिटेड’ तेवढं लावू नको, ते नोंदलेल्या कंपनीचं. दुसऱ्याचं चालतं नाव चोरून त्याची गिऱ्हाइकं पळवू नको. बाकी मंडळी लाव, बंधू लाव, हत्ती लाव. कायद्याला ठाऊक आहे की पाटीमागे एकच माणूस असू शकतो. गंमत एवढीच, की तुझ्यावर कोणाला दावा लावायचा असेल तर तो त्या पाटीच्या नावावर लावू शकतो. तुला कोणावर लावायचा असेल तर पाटी चालायची नाही. तिथे स्वतःचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा, राहणार कुठे, सगळं.”

“म्हणजे मार खायला पाटी चालते, मारायला नाही?”

“तसंच. पण तू केलंस ते वेगळं. तू जिवंत माणूस नेऊन उभा केलास.” त्यांनी अडकित्ता मामांकडे वळवला. “कोणी आपण होऊन जगासमोर म्हणाला की मी याचा भागीदार, आणि समोरच्याने त्या भरवशावर काही दिलं, तर मग त्याला नंतर नाही म्हणता येत नाही. भागीदारीच्या कायद्यात स्पष्ट आहे. या दुकानाच्या नावावर उद्या मुंबईच्या व्यापाऱ्याचा दावा लागला तर तो तुमच्याही दारात येईल, मामा. मशीन कोणाचं आहे?”

“माझां,” मामा म्हणाले. आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा.

“मग तेच आधी उचलतील.”

मामांनी कोट काढला. तिथेच, ओट्यावर. काढताना एका बाहीचे टाके तुटले. “मी सही नाय केली,” ते म्हणाले. “हात माझा होता, सही यांची.” मग माझ्याकडे वळून, “तुमची छत्री गेली खड्ड्यात! मशीन बापाचां आहे माझ्या! मला काढा. आत्ताच्या आत्ता मंडळींतनं काढा!”

“उद्या काढतो, मामा.”

“उद्या कशाला? तोपर्यंत मी भागीदार राहू?”

वकीलसाहेबांनी कागद मागवला आणि स्वतःच्या हाताने लिहून दिला: अमुक नावाखाली छत्र्यांचा धंदा करणारा इसम मी एकटा, माझ्याशिवाय दुसरा कोणीही भागीदार नाही व कधीही नव्हता. खाली मी सही केली, माझ्या पूर्ण नावाने, वडिलांच्या नावासकट. साक्ष म्हणून त्यांनी केली. म्हणाले, “आज सकाळचा कागद खोटा आहे, हे उद्या स्वतः तोंडाने सांग. चारचौघांत सांग. जेवढ्या लोकांनी मामांना भागीदार म्हणून बघितलंय, तेवढ्यांना ऐकू गेलं पाहिजे. नाहीतर तो बिचारा सुटायचा नाही.”

घरी बायकोला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “उद्यापासून ताट एकाचंच वाढते मग.” आणि पदर तोंडाला लावून आत गेली. तिचे खांदे हलत होते. रडत नव्हती.

सकाळी आम्ही बंदरावर पोचलो तेव्हा बोट उभी होती. पडाव भरत होते. शेडच्या बाहेर काढलेला माघारी जाणारा माल एका बाजूला रचलेला, आणि माझ्या सहा पेट्यांपैकी दोन हमालांनी तिकडे नेऊनही ठेवलेल्या. एजंटसाहेब आले नव्हते. त्यांचं पोट बिघडलं होतं. म्हणजे मामांची सही असलेला कागद असाही उपयोगाचा नव्हता. मामा माझ्या मागे उभे, बाराबंदीत, उपाशी. मशीन त्यांनी पहाटेच बहिणीकडे हलवलं होतं.

मी कारकुनासमोर नवा कागद ठेवला. त्याने वाचला. कालचा कागद काढला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

“काल दोन होतात. आज एक आहात. खरं कुठलं?”

मागे तीच रांग. बागायतदार, औषधवाला, सगळे. पडावातून कोणीतरी हमालांना ओरडलं, “त्या पेट्या आणताय की नाय?” एका हमालाने माझ्या तिसऱ्या पेटीला हात घातला.

मी जन्मात इतक्या मोठ्याने बोललो नव्हतो. म्हटलं, “आजचं खरं! मी एकटा! मंडळी म्हणून कोणी नाही, मुंबईला नाही, इथे नाही, कधी नव्हती! दमासुद्धा कोणाला नाही!”

बागायतदारांचं तोंड उघडंच राहिलं. औषधवाल्याने मात्र नजर खाली घातली. त्याला आपल्या पाटीची आठवण झाली असावी. कारकून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा शिपाई बोलावतो. फसवणूक, खोटी सही, काय काय.

तो म्हणाला, “माझे वडीलसुद्धा मुंबईत ‘आणि सन्स’ होते. मी एकुलता एक.” आणि दौतीत टाक बुडवला. लाल शाईच्या दौतीत.

“पेट्या सोडा!” त्याने हमालांना सांगितलं. दोन पेट्या माघारी मालातून परत ओढून काढल्या गेल्या. बागायतदार पुढे आले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “मग आता भाव कोणाला विचारशील रे?” सगळे हसले. मीही हसलो. माझं दुकान राहिलं होतं, मी रत्नागिरीत राहिलो होतो, आणि त्या वर्षी भाव मला माझा मलाच ठरवायचा होता.

कारकुनाने कालचा कागद पुढे ओढला. मामांच्या त्या सावकाश, जीभ बाहेर काढून केलेल्या सहीवरून त्याने एक लांब लाल रेघ मारली. मग नियमाप्रमाणे नवा कागद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचून दाखवला. “...माझ्याशिवाय दुसरा कोणीही भागीदार नाही,” तो वाचत गेला, “व कधीही नव्हता.”

मी मामांकडे वळलो. मोकळे झालात, असं सांगायला. मामा त्या लाल रेघेकडे बघत होते. तोंड उतरलेलं. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या मोठ्याने, त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“म्हणजे मला न विचारताच काढलंत?”